सांध्याखालचा सेन्सर

पिंपरी पेंढार
४ मार्च २०२५

गोरख,

तुझा फोन लागत नाही. लागला तर तू उचलत नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी नंबरच बंद असतो. म्हणून स्नेहलकडून तुझ्या वापीच्या गॅरेजचा पत्ता घेतला. ती देत नव्हती. "त्यांनी शपथ घातलीय, ताई," म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्यानं शपथ घातलीय, माझा नवरा गेलाय, यातलं मोठं काय ते तूच ठरव. मग तिनं पत्ता दिला आणि रडत बसली. शौर्य तिच्या मांडीवर होता. एवढ्याशा लेकराला आणि आईला ती घोडेगावात एकटीनं सांभाळते, आणि तिला मी असं बोलले. तेही तुझ्यामुळं.

खुशाली विचारायला हे लिहीत नाही. एक गोष्ट विचारायची आहे. पण आधी इकडचं सांगते, कारण तू काही कळायच्या आतच निघून गेलास. दहाव्याला नदीवर आलास, सगळ्यांच्या मागं उभा राहिलास, आणि पिंडाला कावळा शिवायच्या आत तुझी मोटरसायकल निघाली. मी आवाज ओळखला. तेराव्याला आई आली, ती एकटीच. सगळे तिच्याकडं बघत होते आणि ती पदर तोंडाला लावून खाली बघत होती.

दवाखान्यात आम्हाला सांगितलं की धुरातला विषारी वायू अंगात गेला. त्याला वास नसतो. डोकं जड होतं, झोप येते, आणि माणूस त्या झोपेतच जातो. तुझे दाजी नारळ-पेढ्यांचा माल घेऊन भल्या सकाळी भीमाशंकरला पोचले होते. दुकानं उघडायची होती. वर कडाक्याची थंडी. त्यांनी इंजिन चालू ठेवलं, काचा वर केल्या आणि घोंगडी घेऊन सीटवर आडवे झाले. ऊन अंगणात आल्यावर दुकानदारानं काच वाजवली. मग दगडानं फोडली.

गावाला आधी वाटलं सीएनजीची टाकी गळली. टाकीवाला येऊन तपासून गेला. टाकी चांगली, नळ्या चांगल्या. मग लोकांनी आठवायला सुरुवात केली की दिवाळीनंतर या गाडीचं काम कुणी केलं. सासरे तर उघडच बोलतात. ओट्यावर येईल त्याला अण्णा एकच सांगतात, "सख्ख्या मेव्हण्याच्या हातनं गेला माझा अमृत." मी भाकऱ्या थापत ऐकते. त्यांना गप्प करायला माझ्याकडं काही नाही, आणि हो म्हणायलाही काही नाही.

तो छोटा ट्रक चिंचेखाली उभा आहे. अण्णांना तो डोळ्यासमोर नको झालाय. तळेघरचे गेणभाऊ परवा बघून गेले. त्यांची दाजींशी ओळख वर भीमाशंकरला माल नेण्यातली. त्यांना तो घ्यायचाय. म्हणाले, तांदूळ खाली आणता येईल, बायकोला, लंकाबाईला, दवाखान्यात नेता येईल, नातीला शाळेत सोडता येईल. नातीचं नाव संस्कृती. तिला ते बरोबर घेऊन आले होते. ती पोरगी सीटवर चढून बसली, उड्या मारल्या, खिडकीची काच वर केली, खाली केली. मी धावत जाऊन तिला खाली उतरवलं. ती घाबरली. गेणभाऊंना वाटलं मला गाडी द्यायची नाही.

अण्णा म्हणतात, देऊन टाक, लोखंड हाय ते, त्याला काय कळतंय. मी म्हटलं थोडं थांबा.

तर हे विचारायचंय. तू गाडीचा धुराचा पाईप नवा बनवलास तेव्हा त्यातला ऑक्सिजन सेन्सर काढून दुसऱ्या जागी बसवलास. दाजींनीच घरी येऊन सांगितलं होतं. "पावण्यानं पाईप घरी बनवला, सेन्सरला जागाबी नवी काढली, लई डोकं हाय," असं कौतुकानं सांगत होते. ती जागा कुठली? आणि जुनी का सोडलीस?

एवढं सांग. बाकी काही लिहू नकोस.

रत्ना


पिंपरी पेंढार
२३ मार्च २०२५

गोरख,

तू उत्तर दिलं नाहीस. म्हणून मी नारायणगावहून ज्ञानेश्वर मिस्त्रींना बोलावलं. तू त्यांना ओळखतोस. एकेकाळी तू त्यांच्याकडंच हाताखाली होतास, असं ते म्हणाले. गोरखनं काम केलंय म्हटल्यावर ते घटकाभर गाडीला हात लावेनात. मग म्हणाले, "वहिनी, तुमी लांब व्हा, तुमच्या श्रेयालाबी न्या. दोन्ही दारं उघडून मगच चालू करतो."

त्यांनी इंजिन चालू केलं, खाली गेले, एका पाईपाजवळ हात धरला आणि पटकन मागं घेतला. मग बंद केलं. गार झाल्यावर मला खाली वाकून बघायला लावलं. अण्णाही आले. येऊ नका म्हटलं तरी आले.

मी तुला ते जसं ऐकलं तसं लिहिते. तुला हे सगळं येतं, पण मला आता येतं हे तुला कळू दे.

"सेन्सर काय करतो, वहिनी, तर इंजिनातनं येणाऱ्या धुरात हवा किती उरली ते बघतो," ज्ञानेश्वर म्हणाले. "आन् वर कॉम्प्युटरला कळवतो. त्याच्या सांगण्यावर गॅस कमी-जास्त सुटतो. कंपनीनं त्याला जागा दिली व्हती इथं, इंजिनाला लागून, ह्या जॉइंटच्या वर. आता बसवलाय जॉइंटच्या खाली."

"खाली बसवला तर काय होतं?"

"जॉइंट घट्ट असंल तर काय व्हत नाय. पण ह्यो बघा." त्यांनी बोट फिरवून दाखवलं. सांध्याच्या कडेला एका बाजूनं काळं काळं झालं होतं, चुलीच्या तोंडासारखं. "पॅकिंग जळलंय. इथनं बाहेरची हवा आत वढली जाते. सेन्सर खाली असल्यानं त्याला ती हवा लागती. त्याला वाटतं धुरात हवा लई, म्हंजे गॅस कमी पडतोय. कॉम्प्युटर गॅस वाढवतो. जादा गॅस नीट जळत नाय, इखारी धूर व्हतो. आन् त्यो धूर ह्याच फटीतनं भाईर येतो."

"बाहेर म्हणजे कुठं?"

 त्यांनी हात वर करून सीटच्या तळाला लावला. "हितं, वहिनी. झोपलं तर डोकं हितंच येतं."

अण्णा म्हणाले, "मंग मी सांगत व्हतो ते खरं ना."

 ज्ञानेश्वर म्हणाले, "पर असं झालं म्हंजे समोर इंजिनचा दिवा लागतो. लागलाच पायजे. अमृतभाऊला दिसला कसा नाय?" ते वर चढले, चावी फिरवून इंजिन चालू केलं. दिवा दिसेना. मग त्यांनी स्टिअरिंगमागच्या काचेवर वाकून बघितलं आणि नखानं काहीतरी सोलायला लागले. विघ्नहराचा छोटा स्टिकर होता. तो निघाला, आणि त्याच्याखाली पिवळा दिवा जळत होता.

 मग अण्णा म्हणाले, "त्यो म्या दिलाय."

चतुर्थीला ओझरला गेले होते तेव्हा तिथून आणला होता. दाजी म्हणाले, दिवा सारखा डोळ्यात येतो, गाडीला काय झालेलं नाय, नुसता लागतो. तर अण्णा म्हणाले, मग त्याच्यावर देव लाव. बापानं दिला, लेकानं लावला. अण्णा तिथंच टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर बसले. उन्हात बसून राहिले. मी पाणी नेलं तर हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत. त्या दिवसापासून ओट्यावर कुणी आलं तर ते उठून आत येतात. तुझं नाव त्यांच्या तोंडून परत ऐकलं नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही.

आता माझं. मार्गशीर्षात दाजींचं डोकं दुखायला लागलं होतं. घाटातून आले की कपाळ दाबत बसायचे. त्यांनी तुला फोन केला होता, स्पीकरवर, मी जवळच मेथी निवडत होते. तू म्हणालास, "दाजी, गाडी घेऊन या, जॉइंट बघतो, उद्याच या." ते म्हणाले, संक्रांतीनंतर येतो, आत्ता भाड्याची गर्दी आहे. तू म्हणालास, "तोवर काचा खाली ठेवा." मी ऐकलंय गोरख. हे मी अण्णांना सांगितलं, आईला सांगितलं, ज्ञानेश्वरनाही सांगितलं. संक्रांत काही त्यांनी बघितली नाही.

म्हणजे तुला काहीतरी कळलं होतं. मग पहिल्यांदाच वर का नाही बसवलास? मला अजून उत्तर हवंय. आता रागानं विचारत नाही. पण विचारते.

रत्ना


पिंपरी पेंढार
१५ एप्रिल २०२५

गोरख,

तुझं पत्र आलं. पोस्टमननं श्रेयाच्या हातात दिलं. तिनं वरचं अक्षर वाचलं आणि माझ्या पाटाजवळ ठेवून गेली.

तू सगळं मिळून चार-दोन ओळी लिहिल्यास, पण खरं लिहिलंस. वर बसवायचा तर इंजिन उतरवावं लागत होतं, गाडी अडकून पडली असती. दाजी म्हणाले, पावणं, उद्या माल भरायचाय, आजच्या आज करा. तुला माहीत होतं वरच पाहिजे. तरी खाली बसवलास, कारण खाली बसवूनही गाडी चालते, आणि तू आधीही तसं केलं होतंस. "मीच कितीतरी जुन्या गाड्यांना असा बसवलाय. कुणाला काही झालं नव्हतं. ट्रक मोडीत घाला. माझं काही विचारू नका."

मी ते अण्णांना वाचून दाखवलं. सगळं. ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "अमृतला घाईच लई. लहानपणापास्नं." एवढंच बोलले.

मला तुझा राग आला नाही असं म्हणणार नाही. रात्रभर तुझ्याशी भांडले मनातल्या मनात. माहीत होतं म्हणतोस. मग दाजींना ओरडायचं होतं, चावी काढून घ्यायची होती, मला फोन करायचा होता. मी त्यांना पाठवलंच नसतं. पण मग वाटतं, पाठवलं असतं. ते घरात उभे राहून "जाऊ का?" असं कधी विचारत नसत. चहा पिऊन निघत.

गेणभाऊंना मी सगळं सांगितलं. गाडी मोडीत घालते म्हटलं. ते डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवून ऐकत होते. म्हणाले, "बाई, ही मोडीत घातली तर मला दुसरी जुनी बघावी लागंल. नवी काय मला झेपत न्हाई. त्या दुसरीत कुणी कुठं काय जोडलंय, कुणाला ठावं? हिचं दुखणं तरी कळलं. नीट करून द्या, मी हीच नेतो."

मी त्या बोलण्यावर फार विचार केला. आणि मग तुझ्या पत्रातलं ते वाक्य मला दिसायला लागलं. कितीतरी जुन्या गाड्यांना.

गोरख, त्या गाड्या कुठं आहेत? त्यातली एखादी आत्ता डिंभ्याच्या चढाला लागली असेल. एखाद्यानं काचा वर केल्या असतील. त्यांच्या जॉइंटचं पॅकिंग आज चांगलं असेल, पण पावसाळ्यानंतर असेलच असं नाही. कुणाकुणाच्या आहेत ते माझ्या मते तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. दाजी गेले आणि तू वापीला गेलास, तुझ्या मनाची शिक्षा तू करून घेतलीस. पण त्या माणसांना काय ठाऊक?

ट्रक मोडीत घालणार नाही. ज्ञानेश्वर म्हणाले, पाईप परत बनवावा लागेल, इंजिन उतरवून सेन्सर वर बसवावा लागेल, खालचं भोक बंद करावं लागेल. ते करायला तयार आहेत. मी नको म्हटलं. हे तू येऊन कर. आणि मग बाकीच्यांकडं जा.

माझ्यासाठी बोलावत नाही. माझ्यासाठी बोलावते आहे की नाही, ते मला आत्ता कळत नाही.

आईचे गुडघे धरलेत. ती विचारते, गोरख जेवतो का रे नीट तिकडं, असं भिंतीला विचारते.

ताई


पिंपरी पेंढार
२५ मे २०२५

गोरख,

तू आलास त्या दिवशी मी घरात होते.

अण्णांनी तुला सांगितलं की रत्ना ओझरला गेलीय. तसं सांगा म्हणून मीच त्यांना म्हटलं होतं. तुझी मोटरसायकल रस्त्यावरून आत वळली तेव्हा मी अंगणातच होते, वाळवणं घालत होते. मी तुला बोलावलं, तीन तीन पत्रं लिहिली, आणि तू समोर येतोयस म्हटल्यावर माझे पाय आत वळले. आतल्या खोलीची कडी लावली. खिडकीचं एक दार लोटून घेतलं, एक उघडं राहिलं.

तू बारीक झालायस. दाढी पांढरी कधी झाली? तू माझ्यापेक्षा लहान आहेस ना.

मी दिवसभर तुझं काम ऐकलं. ज्ञानेश्वर चेनकप्पी घेऊन आले, चिंचेच्या फांदीला बांधली, इंजिन उचललं. तुम्ही दोघं बोलत नव्हता. पान्हा दे, धर, सोड, एवढंच. ग्राइंडरचा आवाज सुरू झाला की मी कान झाकून घ्यायचे आणि थांबला की वाटायचं, गेला की काय. मग परत ठोकल्याचा आवाज आला की बरं वाटायचं.

भाकरी आणि पिठलं मी केलं होतं. तुला ओळखता आलंच असेल, तू खाताना थांबलास. श्रेयाला मी बजावलं होतं की शेजारच्या काकूंनी केलंय म्हणून सांग. तिनं काय सांगितलं ते माहीत नाही. ती तुझ्याजवळ बराच वेळ बसली. आत आल्यावर तिनं मला बाकीचं सांगितलं. तिनं विचारलं, मामा, पप्पांच्या गाडीला काय करताय? तू म्हणालास, चुकीच्या जागी लावलेलं काढून बरोबर जागी लावतोय. ती म्हणाली, मग पप्पा होते तेव्हा का नाही लावलं? आणि तू म्हणालास, "चुकलो, बाळा."

तिनं मला विचारलं, "मामा रडत होता का गं, का धूर होता?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी तर आत होते.

अण्णा तुझ्याजवळ क्रेट घेऊन बसले, ते मला खिडकीतून दिसत होतं. त्यांच्या मनात काय आहे याची मला धास्ती होती.  मग त्यांनीच सुरू केलं.

"गोरख, त्यो दिवा म्या झाकला."

तू पाईप घासायचा थांबलास.

"अण्णा, असं नका बोलू," तू म्हणालास. "दिवा लागायचं कारण माझं व्हतं."

"तुजं व्हतं, माजं व्हतं, त्याचंबी व्हतं. माजा लेक जरा थांबला असता तर. तू त्याला गाडी घेऊन ये म्हणला व्हतास, रत्नानं सांगितलं मला."  "म्या गावभर तुजं नाव घेतलं. आता रातीला झोप लागत न्हाई. तू तरी झोपतोस का?"

तू नाही म्हणालास. ते म्हणाले, "मंग आपुन दोघं सारखंच." आणि त्यांनी तुझ्या पाठीवर हात ठेवला. मी त्यांना त्यांच्या मुलाच्या पाठीवर कधी असा हात ठेवताना पाहिलं नव्हतं. दाजींना तो मिळायला हवा होता, असं माझ्या मनात आलं, आणि मला तुम्हा दोघांचाही राग आला. मी खरं लिहिते आहे.

संध्याकाळी तू गाडी चालू केलीस. ते मला जड गेलं. दाजी परत यायचे तेव्हा वळणावरूनच तो आवाज यायचा आणि मी चहाचं आधण ठेवायचे. तसं माझ्या हातांनी आधण ठेवलं. मी बघते तर पातेल्यात पाणी, गॅस पेटलेला. मग मी खाली बसले. त्याच वेळी बाहेर यायला हवं होतं. कडीपर्यंत आलेही. पण मी दार उघडलं असतं तर तोंडातून काय निघालं असतं ते माहीत नव्हतं. ये निघालं असतं, की जा निघालं असतं. जा निघालं असतं तर तू परत कधी आला नसतास. म्हणून कडीवर हात ठेवून उभी राहिले.

निघताना तू खिडकीकडं बघून हात जोडलेस. अण्णा म्हणाले, तू तुळशीला जोडलेस. पण तुळस त्या बाजूला नाही.

गेणभाऊ आठवड्यानं येऊन गाडी घेऊन गेले. जाताना संस्कृती मधे बसली होती. मी तिला उतरवलं नाही. दिवा लागला आणि इंजिन चालू झाल्यावर विझला, ते गेणभाऊंनी मला मुद्दाम दाखवलं. काचा मात्र ते खालीच ठेवतात, म्हणाले पावसातही खालीच ठेवणार, भिजलो तरी चालंल.

चहा मी नंतर अण्णांना दिला. पत्र तुला वापीला पाठवते, तिथं असशील तर मिळेल.

ताई


घोडेगाव
२६ ऑक्टोबर २०२५

प्रिय गोरख,

हे पत्र स्नेहलच्या हातात देऊन जाते आहे. तू घरी येशील तेव्हा ती देईल.

दिवाळीला मी श्रेयाला घेऊन आईकडं आले. तू वापी सोडून इकडं आलास हे मला स्नेहलनं पावसाळ्यातच कळवलं होतं, पण मी आले नाही आणि तूही आला नाहीस. तू गॅरेज उघडलं नाहीस, नुसता गाड्या शोधत फिरतोस, हेही तिनंच सांगितलं. मंचरला एक, शिनोलीला एक, ओतूरकडं कुणीतरी, एक तर पार कल्याणला विकलेली. तू ज्याच्या दारात जातोस त्याला उभ्यानंच सांगतोस की माझ्या हातून चूक झालीय, गाडी द्या, नीट करून देतो. एकानं तुला शिव्या दिल्या. एकानं गाडी दिलीच नाही, तर तू त्याच्या दारात बसून राहिलास. मग त्याच्या बायकोनं चावी आणून दिली. एकाच्या जॉइंटला तसंच काळं सापडलं. तो माणूस त्यात रोज पोरं शाळेत न्यायचा. स्नेहल म्हणाली, "ते घरी आले आणि न जेवता झोपले, ताई. पहिल्यांदाच झोपले."

आता शेवटची एक राहिलीय म्हणे. ती बीडच्या बाजूला कुणाला तरी विकली गेलीय. तीच शोधायला दिवाळीच्या आधी गेलास, आणि पाडव्यालाही आला नाहीस. शौर्यनं फटाके तुझ्यासाठी ठेवलेत. आई म्हणाली, येईल, आजच येईल.

भाऊबीजेला मी सगळं मांडलं. पाट मांडला, रांगोळी काढली. ताटात सुपारी, अक्षता, निरांजन. श्रेयानं शौर्यला ओवाळलं, त्यानं तिला चॉकलेट दिलं, अर्धं खाल्लेलं. मग ती मला म्हणाली, "आता तू कुणाला ओवाळणार?" मी म्हटलं थांब जरा.

आम्ही थांबलो. संध्याकाळची एसटी येऊन गेली. आई ओट्यावर काठी घेऊन उभी होती. तिन्हीसांजेला डोंगरावर बारीकशी कोर दिसायला लागली. स्नेहल माझ्याजवळ आली, हळूच म्हणाली, "ताई, चंद्राला ओवाळा आता. निरांजन विझायला लागलंय." आईही म्हणाली, ओवाळ गं बाई, रिकामं ताट उचलू नये.

मी ताट हातात घेऊन अंगणात आले. कोर समोर होती. श्रेया माझ्या पदराला धरून उभी होती. मला दाजी आठवले. मागच्या भाऊबीजेला इथंच ओट्यावर बसून ते तुझी थट्टा करत होते की पावण्यानं ओवाळणीत पान्हा टाकलाय. तुम्ही दोघं हसत होता. त्यानंतरच गाडी तुझ्याकडं कामाला आली.

मी चंद्राला ओवाळलं नाही, गोरख. आईला वाईट वाटलं. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. मला भाऊ आहे. तो बीडला गेलाय, एका माणसाची गाडी नीट करायला.

तुझी ताई